आयुक्तसाहेब, उभ्या गाडीचाही हिशेब मांडा

माननीय पोलीस आयुक्त, नागपूर शहर, यांस,



पोलिसांसाठी हायब्रिड गाड्या घ्याव्यात का, असा विषय निघाला की बोलणे लगेच वेगावर जाते. पळून जाणाऱ्या मोटारीला ही गाडी गाठेल का, खड्ड्यांत टिकेल का, चार शिपाई आणि एक आरोपी बसवून उड्डाणपूल दमदारपणे चढेल का. हे प्रश्न रास्त आहेत. पण शहरातली पोलिसांची गाडी दिवसभरात पळते किती आणि उभी राहते किती, हे आधी पाहायला हवे. व्हेरायटी चौकात, महालात चिटणीस पार्कजवळ, छत्रपती चौकात, पारडीच्या नाक्यावर ती तासन् तास उभी असते, आणि उभी असतानाही तिचे इंजिन चालूच असते. हायब्रिड गाडी पोलिसांच्या कामाची आहे की नाही, याचा निकाल या उभ्या तासांवर लागतो, आणि नेमका त्याच तासांचा हिशेब आपण मांडत नाही. म्हणून हे पत्र.

गाडी उभी असताना इंजिन बंद का करत नाहीत, असे रस्त्याने जाणाऱ्याला वाटते. कारणे साधी आहेत. वायरलेस सेट चालू हवा, ११२ च्या कॉलसाठी दिलेला टॅब चालू हवा, टपावरचे लाल-निळे दिवे चालू हवेत. इंजिन बंद ठेवून हे सगळे बराच वेळ चालवले तर बॅटरी उतरते, आणि कॉल आला त्याच क्षणी गाडी सुरू झाली नाही तर त्या गाडीचा उपयोग काय? त्यात आपला उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तेवढे टोक दरवर्षी गाठले जात नसेल, पण मेअखेरीच्या नवतपात पंचेचाळीसच्या घरातली दुपार कोणा नागपूरकराला नवी नाही. अशा दुपारी पत्र्याच्या बंद गाडीत गणवेश, पट्टा आणि बूट घालून बसायचे, तर एसी लागतो. एसी लावायचा तर इंजिन चालू ठेवावे लागते. इंजिन चालू ठेवले की डिझेल जळते आणि महिन्याच्या इंधनमर्यादेला कात्री लागते. चालक हवालदाराने ऊन सोसावे की ठाणेदारांपुढे इंधनाचा जाब द्यावा, अशा पेचात त्याला ठेवणे मला अन्यायाचे वाटते. दामिनी पथकातल्या भगिनींचा पेच याहून वेगळा नाही.

लॉगबुकात हे कुठेच उमटत नाही. तिथे गाडी कुठून कुठे गेली, किती किलोमीटर झाले आणि किती लिटर भरले, याच्या नोंदी असतात. त्यांवरून ॲव्हरेज काढले जाते. ज्या गाडीने दिवसात चाळीस किलोमीटर कापले आणि नऊ तास इंजिन चालू ठेवून चौकात घालवले, तिचे ॲव्हरेज वाईटच येणार. मग संशय चालकावर किंवा इंजिनावर जातो. खरे काम त्या नऊ तासांतच झालेले असते, कारण चौकात पोलिसांची गाडी दिसते आहे एवढ्यानेच अर्धा बंदोबस्त होतो. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर ज्याने बंदोबस्त केला आहे, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आले की अशा उभ्या गाड्या शहरभर दिसतात. मार्च २०२५ मध्ये महाल आणि हंसापुरीत हिंसाचार झाला, बऱ्याच ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्या दिवसांतही गाड्यांचे मुख्य काम नाक्यावर ठाण मांडणे हेच होते.

अशा कामाला हायब्रिड गाडी का बसते, ते तिच्या रचनेतून समजते. 'स्ट्राँग हायब्रिड' म्हणतात त्या गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि जास्त दाबाची एक छोटी बॅटरी असते. आपल्याकडे टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, मारुतीची ग्रँड विटारा, होंडाची सिटी यांची हायब्रिड रूपे मिळतात. गाडी थांबली की इंजिन बंद होते, पण गाडी चालूच असते. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर नसून विजेवर चालतो. दिवे आणि वायरलेस यांना लागणारी वीजही त्याच बॅटरीतून येते. चार्ज कमी झाला की इंजिन आपोआप सुरू होते, काही मिनिटांत बॅटरी भरते आणि इंजिन पुन्हा गप्प होते. चालकाला काहीच करावे लागत नाही. कॉल आला की ॲक्सिलरेटर दाबायचा, गाडी विजेच्या जोरावर लगेच निघते.

इथे फुगवून सांगायचे नाही. हायरायडरची बॅटरी जेमतेम ०.७६ किलोवॉट-तासांची, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत पाऊण युनिटाची आहे. मेच्या दुपारी एसी पूर्ण जोरात असेल तर ती दहा-पंधरा मिनिटांत उतरेल आणि इंजिन पुन्हा पुन्हा सुरू होईल. तरीही तासातला मोठा भाग ते बंद राहील. त्याचा फायदा पैशांपुरताच नाही. नाकाबंदीत गाडीच्या मागे उभे राहून लायसन्स तपासणारा शिपाई बारा तास तिचा धूर छातीत घेत असतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची नावे आहेत त्यांत नागपूर आहे, आणि शहराच्या हवेचा सर्वांत मोठा घोट चौकात उभे राहणारेच घेतात.

एक खबरदारी मात्र आत्ताच सांगून ठेवतो. 'माइल्ड हायब्रिड' किंवा 'स्मार्ट हायब्रिड' या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्या या कामाच्या नाहीत. त्यांची छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, उभ्या गाडीचा एसी ती ओढू शकत नाही. निविदेत 'हायब्रिड' एवढाच शब्द लिहिला तर स्वस्तातली माइल्ड गाडी पुढे येईल आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

अमेरिकेतल्या पोलिसांनी हा विचार आपल्या आधी केला. फोर्ड कंपनीने २०१७ मध्ये पाठलागाच्या चाचण्यांना उतरणारी हायब्रिड सेदान पोलिसांसाठी आणली आणि २०२० च्या मॉडेलपासून तिथल्या गस्तीची नेहमीची मोठी गाडी, पोलीस इंटरसेप्टर, हायब्रिड इंजिनात दिली. त्या वेळी कंपनीने मांडलेली आकडेवारी लक्षात ठेवण्यासारखी आहे: आठ तासांच्या पाळीत गस्तीची गाडी जवळपास पाच तास उभ्या-उभ्या इंजिन चालवते. न्यूयॉर्कच्या पोलिसांकडे हायब्रिड गाड्या बरीच वर्षे आहेत, आणि त्याच शहराच्या टॅक्सींमध्ये त्या २००५ पासून आल्या. टॅक्सी रात्रंदिवस, पाळ्या बदलत, वेगवेगळ्या चालकांच्या हातून चालते. पोलिसांच्या गाडीशी याहून जवळचे काम मला दिसत नाही. टोयोटाच्या पद्धतीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. गाडी मंदावताना मोटरच जनित्राचे काम करते म्हणून ब्रेकचे पॅडही कमी झिजतात. आपल्या गाड्या वर्कशॉपला कशासाठी जातात ते काढून पाहा. त्यातली काही दुखणी या गाडीला होणारच नाहीत.

आता पोलिसांच्या नेहमीच्या डिझेल गाडीकडे, बोलेरोकडे येतो. ती सगळ्यांना का आवडते ते मला ठाऊक आहे. जुन्या पद्धतीची भक्कम चेसिस, उंच बैठक, कुठल्याही गावात दुरुस्त होणारे इंजिन, मागे माणसे बसवायला जागा. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि डिझेल गाड्यांचा स्वभाव बदलला. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ही काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. दिवसभर चौकात धडधडत उभी राहणारी आणि मध्येच दोन किलोमीटर जाऊन येणारी गाडी ही गाळणी तुंबवते. म्हणजे जे काम आपण शहरातल्या पोलीस गाडीकडून सर्वांत जास्त करून घेतो, तेच आजच्या डिझेल इंजिनाला सर्वांत कमी मानवते. दहा वर्षांपूर्वी हा मुद्दा नव्हता, आज आहे.

पैशांचा हिशेब मांडून पाहू. पुढचे आकडे माझे अंदाज आहेत, आपल्या नोंदींनी ते खोडले तर मला आनंदच होईल. समजा गाडी दोन्ही पाळ्यांत मिळून दहा तास इंजिन चालू ठेवून उभी राहते आणि शंभर किलोमीटर धावते. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. एसी लावलेले छोटे डिझेल इंजिन उभ्याने तासाला पाऊण लिटरच्या आत-बाहेर जाळते, साधे पेट्रोल इंजिन एक लिटरच्या आसपास, आणि हायब्रिडला ०.४ लिटर धरू. साध्या पेट्रोल गाडीशी तुलना केली तर हायब्रिड उभ्याउभ्याच दिवसाला सहाशे रुपयांच्या वर वाचवते, आणि किमतीतला चार-पाच लाखांचा फरक दोन वर्षांत भरून निघतो. बोलेरोशी तुलना केली तर चित्र इतके सोपे राहत नाही. डिझेल स्वस्त, गाडीही सहा-सात लाखांनी स्वस्त. तिथे धावण्यातली आणि उभे राहण्यातली बचत मिळून वर्षाला सव्वा-दीड लाखाच्या पुढे जात नाही, आणि फरक भरून यायला पाच वर्षे लागतात.

ही पाच वर्षे मला अडवतात, कारण हायब्रिड बॅटरीची वॉरंटी टोयोटा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी देते. रोज शंभर किलोमीटर म्हटले तर किलोमीटरची मर्यादा साडेचार वर्षांतच संपते. म्हणजे गाडी नफ्यात येण्याआधी बॅटरीचा धोका आपल्या अंगावर येईल. खरेदी करताना घासाघीस करायची ती इथे. गाडीच्या किमतीत दहा हजार कमी करून घेण्यापेक्षा बॅटरीची हमी किलोमीटरच्या अटीविना, सलग आठ वर्षांची, पोलिसांच्या वापरासाठी म्हणून लेखी घ्यावी. शेकडो गाड्यांचा ग्राहक असलेल्या गृहखात्याला हे मागता येते, तुम्हा-आम्हाला सुटी गाडी घेताना येत नाही.

करांचेही एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब किंवा १२०० सीसीहून मोठ्या पेट्रोल हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिक गाडीवर फक्त ५. आकडा पाहून दचकायला होते. पण खरेदीदार राज्य सरकार असेल तर त्यातला निम्मा भाग राज्याच्याच तिजोरीत परत येतो. वित्त विभागाने किंमतमर्यादा ठरवताना हे जमेस धरायला हवे.

कुठे ही गाडी नको, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहितो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० पर्यंतचा वेग आहे. शिवमडक्याहून निघालेली गस्तीची गाडी तिथे सलग वेगात धावते, त्या धावेत हायब्रिडचा फायदा फारसा उरत नाही. तिथे चांगले डिझेलच ठेवावे. गडचिरोलीचा तर प्रश्नच नाही, तिथली गरज सुरुंगाला तोंड देणाऱ्या गाडीची आहे. शहरातही आरोपींची ने-आण आणि दंगा नियंत्रण पथकाची वाहतूक यांना मोठी, भक्कम गाडीच हवी. बऱ्याच हायब्रिड गाड्यांच्या डिक्कीत बॅटरी जागा खाते. लाठ्या, ढाली, हेल्मेट, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी हे सगळे त्यात बसते का, ते गाडी घेण्याआधी एकदा प्रत्यक्ष भरून पाहावे.

चालकांना सांगायच्या गोष्टी तर वेगळ्याच आहेत. ही गाडी धक्का मारून सुरू होत नाही. ओढून न्यायची तर पुढची चाके उचलून न्यावी लागते. गाडीत नेहमीची छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते, आणि गाडी 'रेडी' अवस्थेत न ठेवता कोणी दिवे-वायरलेस चालू ठेवले तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. उलट बाजूने, आवाज नसल्याने गाडी चालू आहे हे विसरून कोणी उतरून गेले तर वेगळा अपघात. सर्वांत गंभीर गोष्ट वायरिंगची आहे. आपल्याकडे दिवा, भोंगा, लाऊडस्पीकर बसवायला बाहेरचा इलेक्ट्रिशियन येतो आणि हाताला लागेल त्या तारेतून वीज घेतो. हायब्रिडमधल्या नारिंगी तारांना हात लावणे जिवावर बेतू शकते. म्हणून पोलिसांची सारी उपकरणे कंपनीकडूनच, हमीला धक्का न लावता, बसवून यायला हवीत.

आणि पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीने घरे आणि रस्ते पाण्याखाली घेतले. अशा वेळी सगळ्यांत आधी लोकांच्या मदतीला जाणाऱ्यांत आपलीच माणसे असतात. हायब्रिडची जास्त दाबाची यंत्रणा बंदिस्त असते आणि धोका दिसताच स्वतःला तोडून घेते, तरी गुडघाभर पाण्यात घालण्याची ही गाडी नव्हे. प्रत्येक ठाण्यात निदान एक उंच, जुन्या धाटणीची डिझेल गाडी राहू द्या.

मग थेट इलेक्ट्रिकच का नको, असे कोणीही विचारेल. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी खात्यांनी नव्या गाड्या इलेक्ट्रिकच घ्याव्यात, असे राज्याने जाहीरही केले होते. कोलकाता पोलिसांनी नेक्सॉन इलेक्ट्रिक गाड्या भाडेतत्त्वावर घेतल्या. खरे सांगायचे तर नुसते उभे राहण्यात इलेक्ट्रिक गाडीला तोड नाही. तीस-चाळीस युनिटांची बॅटरी दिवसभर एसी चालवूनही पुरते. अडचण पाळी बदलताना येते. एकाच गाडीवर रात्रपाळीचा चालक उतरतो आणि दिवसपाळीचा चढतो, मधे चार्जिंगला तास-दोन तास मिळत नाहीत. संचारबंदीच्या आठवड्यात तर मुळीच नाहीत. ज्या ठाण्याच्या आवारात चार्जर आणि बदली गाडी दोन्ही आहेत, तिथे आणि अधिकाऱ्यांच्या कार्यालयीन प्रवासाला इलेक्ट्रिकच घ्यावी. जिथे एकच गाडी चोवीस तास राबते, तिथे हायब्रिड.

नव्या इंधनांचे प्रयोग नागपूरने पुष्कळ पाहिले आहेत. २०१४ मध्ये इथेच इथेनॉलवरची हरित बस आली, आणि २०१८ मध्ये कंपनी व महापालिका यांच्यातल्या देण्याघेण्याच्या वादात ती सेवा बंद पडली. मे २०१७ मध्ये ओलाच्या इलेक्ट्रिक टॅक्सी मोठ्या गाजावाजात सुरू झाल्या. चार्जिंगच्या रांगांत तास घालवून चालक कंटाळले आणि डिझेलकडे वळले. दोन्ही वेळा यंत्र नापास झाले नव्हते. यंत्राभोवतीची व्यवस्था, देयके, सुटे भाग, चार्जर, चालकाचा वेळ, यांचा विचार मागे राहिला होता. २९ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन गडकरी यांनी दिल्लीत इथेनॉलवर चालू शकणारी हायब्रिड इनोव्हा दाखवली. टोयोटाने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरात प्रकल्पासाठी राज्याशी करार केला. गृहखाते नागपूरकर मुख्यमंत्र्यांकडेच आहे. या सगळ्यामुळे उद्या कोणी उत्साहाने पन्नास हायब्रिड गाड्या झेंडा दाखवून रस्त्यावर आणील, अशी मला भीती आहे. असे झाले तर दोन वर्षांनी त्या वर्कशॉपच्या मागे धूळ खात दिसतील, आणि पुन्हा दहा वर्षे कोणी हा विषय काढणार नाही.

त्याऐवजी मी आपल्याला तीन गोष्टी सुचवतो.

पहिलीला एक पैसाही लागत नाही. ११२ च्या गाड्यांना जीपीएस आहे. इंजिन चालू आणि वेग शून्य, असे किती तास गेले, हे त्या नोंदींतून काढता येईल. वेगवेगळ्या स्वभावाच्या हद्दी घ्या, म्हणजे सीताबर्डीची गर्दी, तहसील आणि लकडगंजचे अरुंद रस्ते, बेलतरोडी-हुडकेश्वरच्या पसरलेल्या नव्या वस्त्या, एमआयडीसीची रात्र. दोन महिन्यांच्या नोंदी काढून पाहा. उभे तास माझ्या अंदाजाच्या निम्मे निघाले तर हायब्रिडचा नाद सोडून द्यावा, असे मीच म्हणेन. आणि यापुढे लॉगबुकात उभ्या इंजिनाच्या तासांचा एक रकाना घालावा, म्हणजे चालकाला त्याने न केलेल्या उधळपट्टीचा जाब द्यावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट, विकत न घेता पाच-सहा स्ट्राँग हायब्रिड गाड्या भाड्याने घेऊन एप्रिल ते सप्टेंबर चालवाव्यात. नवतपा आणि भर पावसाळा दोन्ही त्यात यावेत, कारण हिवाळ्यात नागपुरात कुठलीही गाडी चांगलीच वाटते. मोजमाप आपल्या खात्याने करू नये आणि कंपनीनेही करू नये. व्हीएनआयटीचे यंत्र अभियांत्रिकी विभाग इथेच आहे, नीरीचे मुख्यालय इथेच आहे. इंधन किती लागले, मेमध्ये बॅटरी किती तापली, तिला गारवा देणाऱ्या पंख्याची जाळी आपल्या धुळीने किती दिवसांत भरली, आणि नाक्यावरच्या शिपायाच्या नाकाशी धूर किती कमी झाला, हे त्यांना मोजू द्या.

तिसरी गोष्ट चालकांना विचारण्याची. गाडी कशी वाटली, हे अधिकाऱ्यांच्या अभिप्रायावरून ठरवू नका. रात्री तीन वाजता त्या गाडीत बसून असणाऱ्या चालक हवालदाराला विचारा. दार किती उघडते, कमरेला पट्टा बांधून बसता येते का, आरोपीला मागे बसवताना डोके आपटते का, हे त्यालाच ठाऊक असते. त्याचे म्हणणे त्याच्या नावाशिवाय, पण त्याच्याच शब्दांत अहवालात छापले जावे.

हा अहवाल नागपूरकरांसाठी खुला ठेवावा, मग तो हायब्रिडच्या बाजूने असो वा विरुद्ध. पुढच्या एप्रिलआधी गाड्या रस्त्यावर यायच्या असतील तर जीपीएसच्या नोंदी काढायला याच महिन्यात सुरुवात करावी लागेल. त्या तपासायला कोणी नागरिक हवे असतील तर मी आणि माझ्यासारखे इतर यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक नागपूरकर